वरची वीतभर माती आणि लोडरची बकेट

ज्वारी निघून कडबा गंजीला लागला की आमच्या सोलापूर भागात दोन आवाज वाढतात. एक लग्नाच्या वाजंत्रीचा आणि दुसरा माती उकरणाऱ्या मशीनचा. जो तो मोकळ्या रानाकडे बघतो आणि मनात हिशेब मांडतो, हा उंचवटा काढून टाकू, ती खोलगट भरून घेऊ, तळ्यातला गाळ टाकू. पूर्वी यासाठी चार माणसं गोळा करावी लागत. आता जेसीबीवाल्याला फोन लावला की काम झाले. (जेसीबी हे मुळात कंपनीचे नाव, पण आता पोरंसोरं कुठल्याही पिवळ्या मशीनला जेसीबीच म्हणतात. पुढाऱ्यांवर गुलाल आणि फुले उधळायलाही तेच लागते, ते वेगळे.)

गेल्या दोन-चार वर्षांत या कामात आणखी एक पाहुणा आला आहे. छोटा ट्रॅक्टर, वीस-पंचवीस-तीस हॉर्सपॉवरचा, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेत फिरणारा, आणि त्याच्या तोंडाला बसवलेला लोडर. मागच्या पंधरवड्यात शेजारच्या गावी गेलो होतो. तिथे एका होतकरू पोराने असा लोडर नवा बसवून घेतला होता. हार घातलेला, नारळ फोडलेला. भोवती पाच-पंचवीस माणसं. पोरगं सांगत होतं, "आता जेसीबीची गरजच नाही बघा आण्णा. विहिरीचा मलबा म्हणा, शेततळं म्हणा, बांध म्हणा, सगळं घरच्या घरी." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आणि त्याने सगळ्यांच्या देखत वाळून दगड झालेल्या काळ्या रानात, तिसऱ्या गिअरमध्ये, पळत जाऊन बकेट घातली. ट्रॅक्टर जागच्या जागी उडाला. बकेटमध्ये आली ती दोन ढेकळं.

मला त्या पोराची चेष्टा करायची नाही. हौसेने घेतले आहे, कर्ज काढून घेतले आहे. पण हे यंत्र कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे विकणाऱ्याने सांगितलेले नाही आणि घेणाऱ्याने विचारलेले नाही. म्हणून आज हा विषय. शेतकरी बंधूंनी तर वाचावाच, पण सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनीही वाचावा, कारण शेवटी मातीचा प्रत्येक प्रश्न त्यांच्याच टेबलावर जातो.

पहिली गोष्ट अशी की, छोट्या ट्रॅक्टरचा लोडर हे माती उचलायचे यंत्र आहे, खणायचे नव्हे. जेसीबीच्या मागच्या हाताला जी ताकद असते ती वेगळी. तो हात वरून खाली दात रोवतो, मशीन पाय टेकवून बसते आणि मग ओढते. छोट्या ट्रॅक्टरला यातले काहीच नाही. त्याचे स्वतःचे वजनच आठशे-हजार किलोच्या घरात. बकेट घुसवायला त्याच्याकडे फक्त चाकांची पकड आहे. जमीन घट्ट असली की चाक घसरते, टायर झिजतो आणि क्लच जळतो.

जुन्या लोकांना हे कुणी सांगावे लागत नव्हते. आमच्या घरी केणी होती. बैलांनी ओढायची, मागे माणूस दांडी धरून उभा. वडील कधीही कोऱ्या रानात केणी घालत नसत. आधी नांगर, मग कुळव, माती भुसभुशीत झाली की मग केणी. दांडी जरा उचलली की केणी माती भरून घ्यायची, दाबली की सरकायची, आणि एकदम वर केली की उलटी होऊन माती टाकून मोकळी. आजच्या लोडरचे तंत्र याहून काही निराळे नाही. बैल गेले, हायड्रोलिक आले, एवढेच. आधी नांगर किंवा सबसॉयलर, मग लोडर. ज्याने हा क्रम पाळला त्याचा छोटा ट्रॅक्टर दिवसभर न कुरकुरता काम करतो.

माती सुटी झाल्यावर बकेट जमिनीला जवळपास सपाट ठेवायची, तोंड किंचित खाली. खालचा गिअर, सावकाश चाल, सरळ रेषेत ढिगात जायचे. बकेट भरत आली की आत वळवायची आणि मग उचलायची. ढिगात बकेट असताना स्टेअरिंग फिरवायचे नाही. एकाच कोपऱ्याने दगड उपसायला जायचे नाही, हात पिळवटतात आणि पिना अंडाकृती होतात. आणि एक चूक फार बघायला मिळते. बकेटचे तोंड पूर्ण खाली करून रिव्हर्समध्ये जमीन खरवडत मागे येणे. त्याने सपाटी छान येते, खरे आहे, पण त्या वेळी सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर आलेला असतो. मध्येच दगड लागला तर दांडा वाकलाच. सपाटी करायची तर मागे ब्लेड जोडावे, त्याचे काम त्याला करू द्यावे.

क्लचचाही विचार करा. एक बकेट म्हणजे एकदा पुढे, एकदा मागे, परत पुढे, परत मागे. तासाला वीस-तीस फेऱ्या धरल्या तर डावा पाय शंभरदा दाबला जातो. नांगरटीत एवढा क्लच आठवड्यातही लागत नाही. ज्यांना रोजच लोडर चालवायचा आहे त्यांनी घेताना पुढे-मागे जाण्याची वेगळी दांडी असलेले मॉडेल मिळते का ते बघावे. लोडरच्या सगळ्या सांध्यांना आठ-दहा तासांनी ग्रीस द्यावे. पुढच्या टायरची हवा पुस्तकात दिलेल्या वरच्या मर्यादेजवळ ठेवावी. एवढे केले की निम्मी दुखणी टळतात.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपली चूक लपवू नये.

काही वर्षांपूर्वी माझ्या तीन एकराच्या तुकड्याला उतार होता. वरच्या अंगाला माळाची कड, खाली खोलगट. पाणी वर थांबत नव्हते आणि खाली तुंबत होते. ठिबक टाकायचे होते म्हणून सपाटीकरण करायचे ठरवले. मोठे मशीन तासाने लावले. ऑपरेटर हुशार, हात चपळ. मी सकाळी सांगून तालुक्याला कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर रान टेबलासारखे झाले होते. मी खूश. त्याला चहा पाजला, वर शंभर रुपये दिले.

दसऱ्याला ज्वारी पेरली आणि माझे डोळे उघडले. खालच्या अंगाला ज्वारी डोक्याच्या वर, आणि वरच्या अंगाला, सात-आठ गुंठ्यांच्या पट्ट्यात, गुडघ्याएवढी. पिवळी. कणसात दाणा नाही. झाले होते असे की, वरची वीतभर काळी माती ऑपरेटरने सरळ ढकलून खोलगटीत नेली, आणि उंचवट्याचा मुरूम उघडा पडला. खोलगटीतली मूळची चांगली माती खाली गाडली गेली, तिच्यावर आणखी चांगली माती. खाली दोन थर, वर एकही नाही. मशीनने काम चोख केले होते. काय करायचे ते मी सांगितले नव्हते आणि तो विचारायला थांबला नव्हता.

वडील तेव्हा थकलेले होते, खाटेवरून उठत नव्हते. त्यांना रानात नेऊन दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माती हाय का नाय ते बघायच्या आदी सपाटी बघितलीस व्हय रं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

पिकाच्या मुळांचे जे खाणे असते, जे सेंद्रिय कर्ब म्हणून मातीच्या अहवालात येते, जे जिवाणू आणि गांडुळे, ते बहुतेक वरच्या वीतभर थरात असते. आमच्या हलक्या रानात तर हा थर वीतभरही नसतो, चार-सहा बोटे असतो. खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या दगड. हा थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि मशीनला तो हलवायला एक दुपार पुरते.

सपाटीकरणाची खरी पद्धत अशी आहे, आणि छोट्या लोडरचा खरा उपयोग इथेच आहे. आधी रानात पाच-सहा ठिकाणी कुदळीने खड्डा घेऊन काळी माती किती खोल आहे ते बघायचे. मग चढावरची आणि खोलगटीतली, दोन्हीकडची वरची माती नांगरून सुटी करायची आणि लोडरने उचलून बाजूला, बांधाच्या कडेला, ढीग लावायचे. त्यानंतर खालचा मुरूम इकडचा तिकडे करून उतार बसवायचा, हे काम मोठ्या मशीनने केले तरी चालेल. आणि शेवटी बाजूची माती परत आणून साऱ्या रानावर सारखी पांगवायची. माती दोनदा हलवावी लागते, डिझेल जास्त जाते, म्हणून कुणी करत नाही. मोठ्या मशीनचा तास महाग, त्यामुळे घाई. घरचा छोटा ट्रॅक्टर असला की घाई नसते. महिनाभर, रोज सकाळी दोन-तीन तास, सावकाश करता येते. उकरलेली माती सव्वापट फुगते, ती पुढच्या पावसाळ्यात बसते, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या वर्षीची सपाटी दुसऱ्या वर्षी राहत नाही, पुन्हा एक हात फिरवावा लागतो.

आणि हे सगळे माती कोरडी किंवा फार तर वापशावर असताना. काळे रान ओले असताना त्यावर भरल्या बकेटने फेऱ्या मारल्या तर चाकाखाली घट्ट थर तयार होतो. वरून दिसत नाही, पण पाणी खाली जात नाही आणि मूळ तिथेच वळते. मग म्हणायचे, रान चिबड झाले.

माझे बिघडलेले सात गुंठे सुधारायला म्हणून मी छोटा ट्रॅक्टर आणि लोडर घेतला. त्यानेही मला एक धडा दिला, तोही सांगितलाच पाहिजे, कारण तो जिवाशी होता. बांधाला तिरका उतरत होतो. बकेट गच्च भरलेली, ओलसर मातीने, आणि पुढचे दिसावे म्हणून छातीच्या उंचीला उचललेली. मागे काहीच जोडलेले नव्हते. उतारावर ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टर थांबेना. मागची चाके घसरत होती. वरच्या अंगाचे मागचे चाक तर जमीन सोडून हात-दीड हात वर आले. नशिबाने हात लिव्हरवर होता, बकेट खाली आपटली, ट्रॅक्टर धपकन टेकला. घरी येऊन दोन दिवस कुणाला सांगितले नाही.

नंतर विचार केल्यावर कारण कळले. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे तीनशे-चारशे किलो लटकवले की तराजूसारखे मागचे हलके होते. मागचे हलके झाले की ब्रेकही गेला आणि पकडही गेली. फोर व्हील असलेल्या ट्रॅक्टरमध्ये फोर व्हील लावून ठेवली तर पुढची चाकेही थांबायला मदत करतात, म्हणून भरल्या बकेटने उतरताना फोर व्हील लागलेलीच हवी. न्यूट्रल तर कधीच नाही. दुसरे असे की, ट्रॅक्टरचा पुढचा दांडा मधल्या एका पिनेवर झुलतो. दिसायला चार चाके, पण तोल तिवईचा आहे, मागे दोन आणि पुढे मधोमध एक. बकेट जितकी वर, तितकी ही तिवई लवकर कलंडते.

तेव्हा मागे वजन पाहिजेच. रोटावेटर जोडून ठेवला तरी चालतो. नाहीतर जुन्या ड्रममध्ये काँक्रीट ओतून तो तीन पॉइंटला अडकवायचा, आमच्या गावच्या वेल्डरने तो एका दिवसात करून दिला. मागच्या टायरात पाणी भरण्याची जुनी पद्धतही चांगलीच. बकेट चालताना गुडघ्याच्या खाली. उताराला आडवे जायचे नाही, सरळ चढायचे, सरळ उतरायचे. भरली बकेट घेऊन चढताना बकेट चढाच्या बाजूला, आणि उतरायचे ते रिव्हर्समध्ये, म्हणजे वजन कायम वरच्या अंगाला राहते.

द्राक्षबागेत मांडवाला अडते म्हणून बरेच जण मागची सुरक्षेची कमान काढून घराच्या पत्र्यावर टाकून देतात. बागेत ठीक, पण लोडर लावून बांधावर जाताना ती परत बसवा. आणि बकेटमध्ये माणूस उभा करणे बंद करा. चिंचा झोडायला, बल्ब बसवायला, मिरवणुकीत, सगळीकडे बघतो आहे. होजपाइप फुटला की बकेट क्षणात खाली येते, तिला ब्रेक नसतो.

गावातल्या वर्कशॉपमध्ये स्वस्तात लोडर बसवून देणारे आता बरेच झाले आहेत. कारागीर हुशार आहेत, त्यांच्या हाताला मी नावे ठेवत नाही. पण लोडरचा भार थेट इंजिनच्या किंवा क्लचच्या घराच्या बोल्टवर दिला तर आज ना उद्या ते घर तडकते. लोडरची चौकट मागच्या एक्सलपर्यंत नेऊन बांधलेली पाहिजे. आणि बाहेरून लोडर बसवल्यावर कंपनीची वॉरंटी राहते की जाते, हे डीलरकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी "काय होत नाही भाऊ" याला कोर्टात किंमत नाही.

आता गाळाकडे येतो, कारण उन्हाळ्यात गावागावांत हाच विषय आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ साली सुरू झाली, मध्ये खंड पडला आणि २०२३ पासून पुन्हा चालू झाली. गाळ शेतकऱ्याला फुकट, वाळू काढायला बंदी. २०२३ च्या निर्णयात लहान शेतकऱ्याला गाळ वाहून पसरवायला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी ४०० घनमीटरपर्यंत आणि १५ हजारांच्या मर्यादेत, अडीच एकरापर्यंत, अशी मदत धरली आहे. यंदाची स्थिती आपल्या ग्रामपंचायतीत विचारून घ्यावी. योजना चांगलीच आहे. १९७२ च्या दुष्काळात घामाने बांधलेले पाझर तलाव गाळाने भरून गेले आहेत. गाळ काढला तर पाणी मुरेल आणि रानालाही माती मिळेल.

पण ४०० घनमीटर म्हणजे किती, हे किती जणांनी मोजले? सोपा हिशेब सांगतो. एका गुंठ्यावर एक इंच थर द्यायचा तर जवळपास एक ब्रास माती लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. म्हणजे एकराला एक इंच थर हवा तर छत्तीस ब्रास. ४०० घनमीटर म्हणजे सुमारे एकशे चाळीस ब्रास, म्हणजे एकरावर चार इंच थर. सुटी कोरडी माती घनमीटरला सव्वा-दीड टन भरते, ओला गाळ पावणेदोन टनांपर्यंत जातो. ब्रासभर ओला गाळ म्हणजे पाच टनांच्या जवळ. आता छोट्या लोडरची बकेट धरा घनमीटरचा पाचवा भाग. एक ब्रास भरायला चौदा-पंधरा बकेटा, अर्धा तास. एका एकराच्या एकशे चाळीस ब्रासला सत्तर तास. म्हणून म्हणतो, तळ्यात खणून ट्रॉल्या भरण्याचे काम मोठ्या मशीनचेच. तिथे छोटा ट्रॅक्टर घालून जीव काढू नये. ट्रॉल्या रानात रिकाम्या झाल्या की ते ढीग फोडून पांगवणे, कोपऱ्यात नेणे, झाडांच्या ओळीत टाकणे, हे काम छोट्याचे. तिथे मोठे मशीन माती दाबून रान खराब करते.

गाळ सगळ्या रानाला चांगला, हाही एक गैरसमज. मुरमाड, हलक्या रानाला गाळ म्हणजे अमृत, ओल धरून ठेवतो. पण आधीच भारी असलेल्या काळ्या रानात आणखी चिकण गाळ टाकला तर निचरा बिघडतो. सांगोल्याकडे डाळिंब हलक्या रानातच साधते. तिथे बागेत गाळाचा जाड थर देणारा मुळाला गुदमरवतो. गाळात चुनखडी किंवा क्षार किती, हेही तळ्यागणिक वेगळे. कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिला की कळते. आणि तळ्यात गाळ संपून मूळ तळ लागला की थांबावे, भरावाच्या पायथ्याशी तर बकेट लावूच नये. गाळाच्या नावाखाली मुरूम उचलणारे प्रत्येक गावात असतात. त्यांची नावे सगळ्यांना माहीत असतात. असो.

इथे तलाठी भाऊसाहेबांचा विषय येतो. (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावाच्या तोंडी तलाठीच.) महसूल संहितेच्या कलम ४८ च्या पोटकलम ७ प्रमाणे विनापरवाना गौण खनिज काढले तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि वाहन व मशीनही जप्त होते. हे बरोबरच आहे, नाहीतर माळ शिल्लक राहिले नसते. पण रात्री मुरमाच्या गाड्या भरून जाणारा आणि स्वतःच्या गटातला मातीचा ढीग लोडरने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणारा, हे दोघे एका मापाने कसे मोजायचे? साधी माती गौण खनिज ठरली ती ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्राच्या अधिसूचनेने, आणि तीही भराव, रस्ते, रेल्वे, इमारती यांच्या बांधकामात भरण्या-सपाटीसाठी वापरली तर. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच सांगितले की माती कशासाठी वापरली ते बघावे लागते. मग शेताच्या मशागतीसाठी शेतातच हललेल्या मातीवर शेतकऱ्याला धाक कशाला? तहसीलदार साहेबांनी एकदा साध्या मराठीत, कशाला परवाना लागतो आणि कशाला नाही, असा फलक प्रत्येक चावडीवर लावावा. निम्मे वाद आणि निम्मी चिरीमिरी तिथेच संपेल. शेतकऱ्यानेही तोंडी भरवशावर न राहता काम सुरू करण्याआधी साधा अर्ज देऊन पोच घ्यावी. आणि मुरूम शेताबाहेर जाणार असेल तर परवाना काढलाच पाहिजे, तिथे सबब नको.

दुसरा वाद बांधाचा. कुदळीने बांध कोरायला आयुष्य जात होते, लोडरने तो एका रात्रीत हातभर सरकतो. मोजणी झालेली नसेल आणि शेजाऱ्याशी बोलणे झाले नसेल तर बांधाला लोडर लावू नका. सरपंचांनी उन्हाळ्याच्या ग्रामसभेत हा विषय मुद्दाम घ्यावा. कोर्टाच्या तारखांना जेवढे जाते त्यात दोन लोडर येतात.

लोडर घ्यावा की नाही, हे मला लोक विचारतात. ज्याच्याकडे आठ-दहा जनावरे आहेत, शेणखत भरायचे आहे, बाग आहे, रोज काही ना काही उचलायचे आहे, त्याने जरूर घ्यावा. उकिरडा भरून काढायला यासारखे दुसरे यंत्र नाही, आमच्या घरच्या बायकांची पाटी डोक्यावरून उतरली ती याच्यामुळे. पण दोन-तीन एकरवाल्याने वर्षातल्या दहा दिवसांसाठी कर्ज काढू नये. त्याच्यासाठी गटाची औजार बँक पाहिजे. आमच्या तालुक्यात मी पाहिलेल्या औजार बँकांत रोटावेटर आहेत, पेरणी यंत्रे आहेत, मळणी यंत्रे आहेत. माती हलवायचे औजार एकातही दिसले नाही. कृषी खात्याच्या मंडळींनी यावर विचार करावा. गटाने घेतला तर चालवणारा एकच ठरवावा आणि त्याला शिकवावा. दहा हातांनी फिरणारा लोडर एका हंगामात भंगारात जातो.

माझ्या त्या सात गुंठ्यांत खोलगटीतली थोडी माती परत आणली, तीन वर्षे शेणखत घातले, एकदा ताग गाडला. ज्वारी आता कमरेला लागते. चार इंच थर द्यायचा तर अजून पंचवीस ब्रास लागतील. गावच्या तळ्यातल्या गाळाचा नमुना मी गेल्या आठवड्यात तपासायला दिला आहे. अहवाल चांगला आला तर ट्रॉल्या लावायच्या, नाही आला तर यंदाही उकिरड्यावरच भागवायचे.